दोन-सहाचा हात

अख्तरबीनं उमाचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, अंगठ्याखालच्या हाडावरून साबणाचं बोट फिरवलं आणि पहिली हिरवी बांगडी एका दाबात मनगटापर्यंत नेली. मग सवयीनं ती क्षणभर थांबली. किंकाळीसाठी.

किंकाळी आली नाही.

"काय गं उमे, आवाज सांगलीतच ठिवून आलीस व्हय?"

भोवतीच्या बायका खळखळून हसल्या. उमाही हसली. बाकीच्या हसताहेत म्हणून हसावं, तेवढंच. अख्तरबीनं दुसरी बांगडी उचलली.

या पोरीची किंकाळी म्हणजे एके काळी अख्ख्या आळीची करमणूक होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी अख्तरबी टोपली घेऊन रहिमतपुरातल्या या घराच्या ओट्यावर टेकली, की पाच वर्षांची उमा आधी आल्याच्या पोत्यांमागं जाऊन लपायची. वडील आल्याचे व्यापारी, त्यामुळं घरात पोत्यांना तोटा नव्हता. मग कुणीतरी तिला तंगडी धरून बाहेर काढायचं. बांगडी बोटांना लागायच्या आतच ती अशी काही ओरडायची, की पलीकडच्या भिंतीवरून कोंडीबा तात्या विचारायचे, "अख्तरबी, बांगड्या भरतीस का पोरगी सोलतीस?" आणि शेवटची बांगडी चढली रे चढली, की डोळ्यांतलं पाणी न पुसताच तीच पोरगी म्हणायची, "आणखी दोन घाल ना मावशी. लाल." काय ते दिवस होते! ओट्यावर ओल्या आल्याचा वास, उमाच्या आईनं आणून दिलेला गुळाचा चहा, आणि दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवत आळीभर पळणारी उमा. कॉलेजात गेली तरी तिचं ओरडणं काही सुटलं नाही. लग्नाचा चुडा भरताना तर तिनं अशी बोंब ठोकली, की सांगलीहून आलेली सासरची माणसं दचकून उभी राहिली होती.

अख्तरबीला ते ओरडणं आवडायचं, आणि त्यात तिचा स्वार्थही होता. बांगडी भरणारीचं निम्मं काम समोरच्या बाईच्या तोंडावर चालतं. हाड कुठं अडलंय, दाब कुठं सोडायचा, माप लहान पडतंय का, हे हाताला कळायच्या आधी "आई गं" सांगतं. अख्तरबी तिच्या आईकडून हे काम शिकली तेव्हा आईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, बाईला बोलतं ठेवायचं. गप्प हात भरणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

आज उमाचा हात गप्प होता. त्यात घर लग्नाचं. उद्या सकाळी धाकट्या बहिणीचं, अबोलीचं लग्न, दारात मांडव, व्हिडिओवाला येऊन त्याचा तो भगभगीत दिवा लावून बघत होता, आणि मधल्या खोलीत पंधरा बायका एकाच वेळी बोलत होत्या. अख्तरबीपुढच्या पंच्यावर बांगड्यांचे दोन जुडगे होते. अबोलीचा हात नाजूक, तिच्यासाठी दोन-चारच्या मापाचा. उमाचा भरलेला, दोन-सहाचा. दोन्ही हिरवे, दोन्हींवर सोनेरी ठिपका. अख्तरबीनं एकेक करून अकरा बांगड्या चढवल्या, वर मायेची एक जास्तीची चढवली, आणि ठिपके एका रांगेत यावेत म्हणून त्या मनगटावर फिरवायला गेली, तर त्या फिरेनात.

तिनं हात उजेडाकडं नेला. अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली होती आणि साबणाच्या फेसात लालसर पाणी उतरलं होतं. पंच्यावर उमाचा दोन-सहाचा जुडगा तसाच बांधलेला पडला होता.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. होणारच नाही ना! दोन-सहाच्या हातात दोन-चारची एक बांगडी घालून बघा, बाई तुमचे केस उपटेल. आणि इथं एक सोडून बारा गेल्या होत्या.

उमाची आई तेवढ्यात परातीत हळद घेऊन आली. तिला सोललेली कातडी दिसली नाही, तिला फक्त गप्प बसलेली उमा दिसली.

"बघितलंत का अख्तरबी? हूं नाही की चूं नाही! दोन वर्षं नुसतं इथं दुखतंय, तिथं दुखतंय. आज मान, उद्या पाठ, परवा गुडघे. एक्स-रेचे किती फोटो काढले, किती तेलं झाली. साताऱ्याला दाखवलं, सांगलीला दाखवलं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, हाडात काही नाही, मनाचं आहे, फार लक्ष देऊ नका. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलंच. विचारायचंच नाही. ती पाठ म्हणाली की आपण म्हणायचं, उमा, तेवढी मेथी निवडतेस का. तिकडं सासूबाई तेच करतात, इकडं मी तेच. आणि बघा, महिना झाला, दुखणं गेलंसुद्धा!"

"वा," एक बाई म्हणाली.

"आमच्याही नणंदेला हेच औषध पाहिजे," दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

उमाची आई खरोखर आनंदात होती. दोन वर्षं या बाईनं लेकीसाठी किती उपास केले होते ते अख्तरबीला ठाऊक होतं. तिला काय बोलणार! आई परात घेऊन पुढं गेली. अख्तरबीनं बोटभर साबण घेतला, उमाची पाची बोटं मिटवली आणि घट्ट बांगड्या एकेक करून उतरवायला घेतल्या. कुंकवाच्या घरात, तेही लग्नाच्या आदल्या दिवशी, बांगडी वाढवायची नाही म्हणून ती जपून काढत होती. चढताना गेली होती त्याच कातडीवरून बांगडी परत येत होती. उमा बघत होती. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा, असं बघत होती.

"उमे, दुखलं न्हाई तुला?" अख्तरबीनं हळूच विचारलं.

उमानं थोडा विचार केला.

"दुखलं असेल, मावशी."

"असंल? अगं, मग वरडायचं तरी!"

"आता नाही सांगत मी कुणाला." उमाचा आवाज अगदी गोड होता, त्यात राग म्हणून नव्हता. "सगळे फार दमले होते माझ्यामुळं. आता कसे बरे दिसतात बघ ना."

अख्तरबीनं हळद आणून त्या हाताला लावली, दोन-सहाच्या बांगड्या सैल हातानं भरल्या, उजवा हात भरला. रीतीप्रमाणं उमानं वाकून नमस्कार केला, तेव्हा अख्तरबीनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मग "आले गं, पानी पिऊन येते," असं म्हणून ती उठली. पुढच्या बाईचा हात तसाच पुढं राहिला.

उमाचा नवरा गंगाधर मांडवाच्या मागच्या बाजूला शिडीजवळ उभा होता. सांगलीत विश्रामबागेत राहायचा, वीज कचेरीत कारकून. वीज कचेरीत आहे म्हटल्यावर लग्नघरानं त्याला जावईपण विसरून तारा जोडायला लावलं होतं. बिचाऱ्याचं काम कागदावरचं, पण नाही म्हणणं स्वभावात नव्हतं. बोटाला काळी चिकटपट्टी गुंडाळून तो एका तारेकडं संशयानं बघत होता. सात वर्षांची लेक मयूरी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून त्याला काय चुकतंय ते सांगत होती.

"मयूरी, जा बाळ, आजीकडून लाडू घिऊन ये," अख्तरबी म्हणाली. पोरगी गेली. "जावईबापू, उमाचं जरा बोलायचं हुतं."

गंगाधरचा चेहरा खुलला. "बघितलीत ना? किती सुधारली. मला तर वाटलं होतं, आता आयुष्यभर हेच. रात्र रात्र कण्हायची हो. मी चिडायचो कधी कधी, खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणाले मनाचं आहे. मनाचं म्हणजे शेवटी..."

"खोटं?"

त्यानं बोटावरची चिकटपट्टी उगीचच दाबली.

"मनाचं म्हंजी खोटं हुतं व्हय?"

"तसं नाही. त्यांनी मिरजेच्या एका डॉक्टरांना चिठ्ठीही दिली होती. मनाच्या. पण आता लोक काय म्हणतील, तिलाच काय वाटेल... आणि मग आपोआप बरं वाटायला लागलं तिला."

अख्तरबीनं पदर डोक्यावर नीट घेतला. बोलायचं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं. सत्तावीस वर्षं जे कुणापुढं काढलं नाही ते या परक्या तरण्या माणसापुढं काढायचं, आणि तेही मांडवात, वाजंत्रीवाले ताशा तापवत असताना! पण आत ती पोरगी बांगड्या घालून बसली होती.

"माजं मालक, मौला. तुमी ऐकलं असंल, छातीच्या दुखन्यानं गेलं म्हून."

"हो. आई सांगत होत्या."

"मीच सांगितलंय तसं सगळ्यांस्नी. पर तसं न्हाई त्ये." ती शिडीला टेकून उभी राहिली. "आमी तवा खंडाळ्याला हुतो. त्ये कापडं शिवायचं. लय हसरा मानूस. सदऱ्याचं माप घेताना गिऱ्हाइकाला गुदगुल्या करायचं, एवढा वांड. मग एक दिस म्हनाले, छातीत कळ येती. वाईला दावलं, साताऱ्याला दावलं, दर्ग्याला नेलं. कुनाला काय घावंना. रोज कळ, रोज कळ. मी बी मानूसच की. वैतागून एकदा मीच म्हनाले, आवं, बास करा की आता. तवापासनं त्यांनी बास केलं."

ताशावर कुणीतरी टिपरी मारून बघितली. गंगाधर तारेकडं बघत होता, पण ऐकत होता.

"महिनाभर शब्द न्हाई. रोज दाढी करायचं. यंत्राला तेल दिलं. कुनाकुनाची कापडं राहिलेली सगळी शिवून घरपोच दिली. मला वाटलं, आल्लानं ऐकलं. मी शिरा केला, शेजारी वाटला. त्येच मला म्हनाले, जा, माहेराला चार दिस राहून ये, लय राबलीस. पोराला घिऊन मी हितं आले. तिसऱ्या दिवशी सांगावा आला." ती थांबली. "कसं, काय, ते नगा इचारू. छातीचं न्हवतं एवढंच. माज्या पोरालाबी ठावं न्हाई अजून. जावईबापू, दुखनं गेलं न्हवतं. सांगायचं तेवढं थांबलं हुतं. आन् मी शिरा वाटत फिरले."

तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिनं लपवले नाहीत. मौला आठवला की तिला अजून तो शिराच आधी आठवायचा, त्यातल्या बेदाण्यांसकट.

गंगाधरनं ती तार शिडीला अडकवली. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "मावशी, वाईट झालं. फार वाईट. पण उमा तशी नाही. तिचं लक्ष आता संसारात लागलंय. हे बघा ना." त्यानं सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "शाळा सुरू होतेय म्हणून मी मयूरीला घेऊन उद्या संध्याकाळी सांगलीला जातो. तीच म्हणाली, तुम्ही पुढं व्हा, मी चार दिवसांनी येते. आणि माझी धांदल नको म्हणून सगळं लिहून दिलंय. मी अजून नीट वाचलंसुद्धा नाही. पण अक्षर बघा, किती सुरेख. मध्ये तर तिला पेन धरवत नव्हतं."

"मला कुटं वाचता येतंय. तुमी वाचा की."

त्यानं कागद उलगडला. आधी जरा कौतुकानंच वाचायला लागला.

"बस पावणेसातला कोपऱ्यावर येते. पाच मिनिटं आधी उभं राहावं. डब्यात भेंडी देऊ नये, परत आणते. दूध गाळून द्यावं, साय दिसली की पीत नाही." तो हसला. "हे खरं आहे. केस विंचरताना फार रडते, आधी तेल लावावं. गृहपाठ तिचा तिलाच करू द्यावा, सांगू नये."

अख्तरबी मान हलवत होती.

"पावसात भिजली तर रात्री छातीला ओव्याचा शेक द्यावा. डबी वरच्या फळीवर आहे. गणपतीत शाळेत नाच असतो, तिला पुढच्या रांगेत उभं करायला बाईंना सांगावं, ती मागं राहते." त्याचा आवाज जरा मंदावला. "दिवाळीला फ्रॉक एक नंबर मोठा घ्यावा, उंची भराभर..."

तो थांबला.

कागद बराच खाली शिल्लक होता. सुरेख अक्षरातल्या ओळी शेवटपर्यंत गेल्या होत्या. गंगाधरनं पुढं वाचलं नाही. बोटाची चिकटपट्टी कागदाला चिकटली होती, तीही त्यानं सोडवली नाही.

"चार दिवसांनी येते म्हणाली होती ती," तो म्हणाला.

"व्हय."

"मावशी, चार दिवसांनी म्हणाली होती."

"आत जावा," अख्तरबी म्हणाली. "आत्ताच जावा."

मधल्या खोलीत बायका बसल्या असताना या घरात जावई कधी आत आला नव्हता. गंगाधर दारात दिसला तशा काहीजणींनी पदर सावरले, काही उठल्या, एक म्हणाली, अगं बाई. अख्तरबी त्याच्या मागोमाग आली आणि तिनं हातानंच सगळ्यांना बाहेर चला म्हणून खुणावलं. तिच्या वयाला आणि त्या चेहऱ्याला कुणी का म्हणून विचारलं नाही. कुजबुजत सगळ्या ओट्यावर गेल्या. आत उमा राहिली आणि तिची आई.

"काही हवंय का जावईबापू? चहा पाठवू?"

गंगाधर उत्तर न देता चटईवर उमाच्या समोर बसला. मांडी घालून, लहान मूल पाटीपुढं बसतं तसा.

"उमा, कुठं दुखतंय तुला?"

आईच्या हातातली वाटी थबकली. महिनाभराचा नेम मोडताना बघून ती घाईनं म्हणाली, "अगं उमा, त्या अक्षता तेवढ्या..."

"थांबा, आई. मी तिला विचारतोय."

उमा त्याच्याकडं बघत राहिली. तो चिडलाय का, ते तिनं आधी बघितलं. मग त्याच्या हातातला कागद बघितला.

"काही नाही हो. बरं वाटतंय."

"कुठं दुखतंय?"

"तुम्ही दमाल," ती म्हणाली.

"दमू दे."

त्यानं कागद मांडीखाली सरकवला. उमाची आई वाटी ठेवून खाली बसली. तिला सगळं कळलं होतं असं नाही, पण तिनं या वेळी मेथीचं काही काढलं नाही. उमानं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि आतून, कुठून तरी फार खालून आवाज यावा तशी म्हणाली, "सगळं. सगळंच दुखतंय. सकाळी डोळे उघडायच्या आधीच दुखायला लागतं. खूप दुखतंय हो."

"सांग," गंगाधर म्हणाला. "मानेपासून सांग."

ती सांगायला लागली. मान, खांदे, पाठीचा एकेक मणका, पोटऱ्या, दातांच्या मुळांपर्यंत. सांगता सांगता मध्येच रडायची आणि पुन्हा राहिलेलं सांगायची. तो मध्ये बोलत नव्हता.

अख्तरबीनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. अबोलीच्या मैत्रिणी ओट्यावर बाह्या सरसावून बसल्या होत्या.

"अहो आजी, आमच्या कधी भरणार? अंधार पडेल आता."

"सकाळी या," अख्तरबी म्हणाली. "सहाला येऊन बसते मी. आता आत कुनी जायाचं न्हाई."